हँग झाला म्हणजे नेमकं काय झालं?

प्रस्तावना

लॅपटॉप टेबलावर ठेवून माणसं एकच वाक्य बोलतात, "हँग होतो." डॉक्टरांसमोर बसून "बरं वाटत नाही" म्हणावं, तसंच हे. बरं वाटत नाही हे खरं. पण डोकं दुखतंय की पोट, ताप संध्याकाळी चढतो की दिवसभर असतो, हे कळल्याशिवाय औषध कसं द्यायचं? दुकानात मात्र या एका वाक्यावर औषध मिळतं आणि तेही ठरलेलं असतं, "फॉरमॅट मारून घ्या." त्यातून लॅपटॉपवर लिनक्स आहे असं कळलं, तर सल्ला आणखी आखूड होतो, "विंडोज टाकून घ्या."

ही पुस्तिका 'हँग होतो' आणि 'फॉरमॅट मारा' या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बसते. लिनक्स असलेल्या लॅपटॉपचा पडदा चालता चालता का गोठतो, त्याला ग्राफिक्स ड्रायव्हर कारणीभूत आहे की आणखी कोणी, हे घरबसल्या कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर काय करायचं, एवढाच तिचा विषय. विषय लहान आहे, पण गरज लहान राहिलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या लॅपटॉपमध्ये सापडत नाही. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतून निघालेले असे लॅपटॉप सेकंड हँड बाजारातून कर्जत, नेरळ, खोपोली, चौकपर्यंत येतात. कोणी शिकवणीसाठी घेतं, कोणी कॉलेजसाठी, कोणी दुकानाच्या हिशेबासाठी. त्यांच्यावर लिनक्स चांगलं चालतं. अडकलं, तर बहुतेक वेळा ग्राफिक्सपाशी अडकतं.

माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपची गोष्ट आधी सांगतो, कारण पुस्तिका तिथूनच सुरू झाली. खोपोलीच्या बाजूच्या एका गावातला मुलगा, नवी मुंबईत इंजिनिअरिंगला. आठवडाभर हॉस्टेलवर, शनिवार-रविवार घरी. लॅपटॉप हॉस्टेलवर पाच दिवस कुरकुर न करता चालायचा आणि घरी आला की अडकायचा. "काका, घरीच का?" एवढाच त्याचा प्रश्न. आईचं म्हणणं, पावसाळ्यात घरात दमट असतं म्हणून. दुकानदाराचं म्हणणं, बोर्ड गेलाय. दोनदा फॉरमॅट मारून झाला होता. मी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. त्याला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, पुढचे तीन रविवार अडकला की यावर लिहायचं. वार, वेळ, काय उघडं होतं, आवाज चालू होता का, माऊस हलत होता का, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागला का, चार्जर जोडलेला होता का. त्या कागदाकडे पुन्हा येऊच. त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण आमच्या कर्जत तालुक्यात लिनक्सचा लॅपटॉप काही काल-परवा आलेला नाही.

२००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. एक खोली, एक शिक्षक, वीस-बावीस मुलं. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निकोलस नेग्रोपाँटी यांनी पुढे आणलेली ही कल्पना केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच नाकारली होती. तरी पुढच्याच वर्षी तो हिरवा-पांढरा, दोन कान उभारलेला लॅपटॉप डोंगराजवळच्या एका वाडीत मुलांच्या हाती पडला. त्याचं नाव एक्सओ. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी, साठवायला १ जीबी. आत लिनक्स, फेडोरावर बेतलेलं, आणि मुलांसाठी 'शुगर' नावाचा मुखवटा. आजच्या साध्या मोबाइलपुढेही हे आकडे केविलवाणे वाटतात. पडदा मात्र आजही हेवा वाटावा असा होता. साडेसात इंचांत १२०० गुणिले ९०० ठिपके, आणि मागचा दिवा बंद केला तरी भर उन्हात काळ्या-पांढऱ्यात वाचता येणारा.

या पडद्यामागे 'डीकॉन' नावाची एक स्वतंत्र चिप होती आणि आपल्या विषयाचं मूळ तिच्यात आहे. वीज वाचवणं ही त्या लॅपटॉपची पहिली अट. मूल एखादं पान वाचत बसलंय, पडद्यावर काहीच हलत नाहीये, तर प्रोसेसरने उगाच जागं कशाला राहायचं? म्हणून योजना अशी की, प्रोसेसरने झोपावं आणि डीकॉनने शेवटचं चित्र आपल्या छोट्या मेमरीत धरून पडद्याला दाखवत राहावं. बघणाऱ्याला वाटावं लॅपटॉप चालू आहे. लिनक्समधल्या तिच्या ड्रायव्हरमध्ये या क्रियेचं नावच 'फ्रीझ' असं आहे. आपण ज्याला बिघाड म्हणतो, ते तिथे मुद्दाम, विचार करून केलेलं काम होतं.

डीकॉनने शिकवलेली गोष्ट एका वाक्याची आहे. पडद्यावरचं चित्र वेगळं आणि आतल्या यंत्राचं जागेपण वेगळं. चित्र हलतंय आणि यंत्र झोपलंय असं होत नाही; पण चित्र थांबलंय आणि यंत्र टक्क जागं आहे, असं हजार वेळा होतं. 'हँग' हा शब्द या दोन्हींना एकाच पोत्यात भरतो. पोतं सोडून दाणे वेगळे करणं, ही या पुस्तिकेतली पहिली मेहनत.

डीकॉनची युक्ती पुढे मोठ्या लॅपटॉपांतही आली. तिला 'पॅनेल सेल्फ रिफ्रेश' म्हणतात, बोलताना पीएसआर. पडद्याच्या पट्टीतच थोडी मेमरी असते. चित्र बदलत नसलं की पडदा स्वतःच ते धरून ठेवतो आणि ग्राफिक्स चिप डोळे मिटते. बदल झाला की चिपने पडद्याला उठवायचं. हा उठवण्याचा निरोप चुकला की टाइप केलेली अक्षरं दोन सेकंदांनी दिसतात, माऊस उड्या मारतो किंवा पडदा जुन्याच चित्रावर बसून राहतो. लिनक्सच्या इंटेल ड्रायव्हरने ही सोय कित्येक वर्षं मुळात बंद ठेवली होती, ती याच दुखण्यापायी. आजही इंटेलच्या लॅपटॉपवर पडदा असा लपंडाव खेळू लागला, तर पीएसआर बंद करून बघणं ही पहिल्या दोन-तीन उपायांतली एक गोष्ट आहे.

आता चित्र पडद्यापर्यंत येतं कसं, ते. भिवपुरीचं टाटांचं वीजघर १९२२ पासून चालू आहे. तिथे वीज करून खाली सुटलेलं पाणी राजनाला कालव्याने कर्जतच्या शेतांना मिळतं आणि त्यावर उन्हाळी भात होतो. शेतात पाणी आलं नाही, तर शेतकरी पहिल्या दिवशी वीजघराला शिव्या देत नाही. तो पाटाच्या कडेने वर चालत जातो. आपल्या बांधावर पाहतो, मग शेजाऱ्याच्या, मग चारीच्या तोंडाशी. कुठपर्यंत पाणी आहे आणि कुठून नाही, ते कळलं की दोष सापडला.

लॅपटॉपमधलं चित्रही असंच पाटाने येतं. वरच्या टोकाला ब्राउझरसारखा प्रोग्रॅम. त्याला काय रंगवायचंय ते चिपच्या भाषेत बसवणारी 'मेसा' ही लायब्ररी. सगळ्या खिडक्यांची चित्रं एकत्र लावणारा डेस्कटॉप. तो जुन्या एक्स पद्धतीचा असेल किंवा नव्या वेलँड पद्धतीचा. त्याखाली कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला ड्रायव्हर, जो चिपशी खरंखुरं बोलतो. मग चिपमधलं फर्मवेअर, स्वतः चिप आणि शेवटी पडदा. पूर्वी पडद्याची मांडणी एक्स स्वतःच हाताळायचा. २००९ पासून, इंटेलपासून सुरुवात करून, हे काम कर्नलने आपल्याकडे घेतलं. म्हणूनच आज 'ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला' याचा अर्थ बहुधा कर्नलच्या आत काहीतरी अडकलं, असा होतो.

शेतकऱ्यासारखं पाटाने चालायचं, तर तपासण्या चार. पहिली, फक्त एकच खिडकी अडकलीय का? बाकी चालत असेल तर दोष त्या प्रोग्रॅमचा, ड्रायव्हरला हात लावू नका. दुसरी, सगळंच थांबलं असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. काळा पडदा येऊन लॉगिन मागितलं, तर ड्रायव्हर पडदा बदलू शकतोय. अडकलाय तो बहुधा डेस्कटॉप. तिथूनच त्याला बंद करून पुन्हा सुरू करता येतं. तिसरी, तेही झालं नाही, पण गाणं वाजतंय आणि कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो, तर कर्नल जागा आहे आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अडकलेला आहे. आपला मुख्य रोगी हाच. चौथी, दिवाही हलत नाही, आवाज बंद किंवा एकाच तुकड्यावर घरघरतोय, तर कर्नलच थांबला किंवा हार्डवेअर गेलं. कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकत असेल, तर कर्नलने स्वतःच हात टेकल्याची ती खूण असते. एका दिव्यावरून एवढं कळतं. म्हणून त्या मुलाच्या कागदावर तो प्रश्न होता.

तीन रविवारांनंतर कागद आला. नोंदी पाच. त्यातली एक अशी : 'रविवार, ७.४०, लाईट न्हवती, गाणं चालू, माऊस बंद, दिवा लागतो.' पाचही ठिकाणी लाईट नव्हती. पाचही ठिकाणी कॅप्स लॉक जिवंत. पाऊस सुरू झाला की त्याच्या गावात वीज जाते. खोपोलीच्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, त्या तालुक्यात अजूनही पहिल्या सरीला अंधार होतो, हा विनोद आमच्याकडे जुना आहे. हॉस्टेलवर चार्जर चोवीस तास जोडलेला असायचा. घरी लॅपटॉप बॅटरीवर यायचा. दमट हवा नाही, बोर्ड नाही, बॅटरी. पण बॅटरीवर आल्याने ग्राफिक्स का अडकावं?

याचं उत्तर कर्जत स्टेशनात उभं असतं. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांना इथे मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. पुढे बोरघाटाचा चढ, सदतीस फुटांना एक फूट. पुढच्या एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. गाडी थांबते, प्रवासी वडे घेतात, मागे धक्का बसतो आणि बँकर ढकलू लागतात. लोणावळ्याला ते सुटतात. सपाटीवर त्यांचं काम नाही.

बऱ्याच लॅपटॉपांत ग्राफिक्सच्या चिपाही अशाच दोन असतात. एक प्रोसेसरमध्येच असलेली, रोजच्या कामाची. दुसरी दणकट, घाटापुरती. गेम, थ्रीडी, व्हिडिओ संपादन यांच्यासाठी. २०१० मध्ये एनव्हिडियाने 'ऑप्टिमस' नावाने ही जोडी आणली. गरज नसताना दुसरी चिप पूर्ण झोपवायची, कारण ती जागी असली की बॅटरी पिते. झोपेची अवस्था डी-थ्री, जागेपणाची डी-झिरो. गोंधळ होतो तो बँकर जोडताना. ड्रायव्हर हाक मारतो, चिप उठत नाही, ड्रायव्हर तिची वाट पाहत थांबतो आणि त्याच्यामागे रांगेत उभा असलेला सगळा डेस्कटॉप थांबतो. काही लॅपटॉपांवर तर 'एलएस-पीसीआय' ही जोडलेल्या उपकरणांची साधी यादी मागणारी आज्ञाही पुरते. यादी करायला त्या चिपला हात लावावा लागतो, ती उठत नाही, की संपला खेळ.

मुलाच्या लॅपटॉपवर बॅटरी वाचवणारं एक साधन होतं. चार्जर निघाला की ते दुसऱ्या चिपला झोपवायचं. मोबाइलवरून आम्ही एसएसएचने लॅपटॉपमध्ये शिरलो, कर्नलची नोंदवही समोर चालू ठेवली आणि चार्जर काढला. पाच मिनिटांनी त्याने एक थ्रीडी प्रोग्रॅम उघडला. पडदा थांबला, मोबाइलवर मात्र ओळी येत राहिल्या. इंग्रजीत, पण अर्थ सरळ होता. उपकरण डी-थ्रीमधून डी-झिरोत येत नाही. दुसऱ्या चिपला झोपवू नकोस, एवढं त्या साधनाला सांगितलं आणि अडकणं थांबलं. किंमत म्हणून बॅटरी आधीपेक्षा लवकर उतरू लागली. काही महिन्यांनी नवा कर्नल आला, तेव्हा सूट काढून पाहिली. चिप उठू लागली होती. म्हणून आमचा एक नियम आहे. वीजबचतीवर घातलेली बंदी ही तात्पुरती चिठ्ठी असते. कर्नल बदलला की ती पुन्हा तपासायची.

झोप आणि जाग यांच्यातला हा घोटाळा फक्त ग्राफिक्स चिपांचा नाही. २०१३ च्या सुमारास आलेल्या इंटेलच्या 'बे ट्रेल' कुळातल्या स्वस्त प्रोसेसरांवर लिनक्स अचानक दगड व्हायचं. दिवा नाही, आवाज नाही. लोक ग्राफिक्सला दोष देत राहिले. शेवटी कळलं की प्रोसेसरच खोल झोपेत गेल्यावर अडकतोय; त्याला खोल झोपू न देण्याची एक सूचना कर्नलला दिली की तो चालायचा. असे लॅपटॉप आपल्या बाजारात अजूनही फिरताहेत.

तीन कंपन्यांच्या चिपांचे तीन स्वभाव आहेत आणि पुस्तिकेची मधली प्रकरणं त्यावर आहेत. इंटेलचा ड्रायव्हर पहिल्यापासून उघडा आणि कर्नलबरोबरच येणारा. २००४ च्या एका चिपसेटवरून त्याचं नाव 'आय-९१५' पडलं आणि वीस वर्षांनंतरच्या लॅपटॉपवरही नोंदवहीत तेच नाव दिसतं, म्हणून ते पाहून "माझी चिप इतकी जुनी?" असं घाबरू नये. एएमडीने २००७ मध्ये चिपांची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली आणि २०१५ पासून तिचा नवा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. तिथे नोंदवहीत 'रिंग' आणि 'टाइमआउट' हे शब्द शोधायचे. म्हणजे चिपला दिलेलं काम वेळेत पुरं होऊन आलं नाही.

एनव्हिडियाची कथा लांब आहे. तिने ड्रायव्हर बंद पेटीत दिला, म्हणून स्वयंसेवकांनी चिपचं वागणं बाहेरून पाहून स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. फ्रेंचमध्ये 'नवं' या अर्थाचं 'नूव्हो' हे त्याचं नाव; तो २०१० मध्ये कर्नलमध्ये आला. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे बघून या कंपनीला मधलं बोट दाखवलं. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, तोही २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या चिपांपुरता. आपल्याकडे येणारे सेकंड हँड लॅपटॉप बरेचदा त्याआधीचे. त्यांच्यासाठी जुन्या मालिकेचे ड्रायव्हर लागतात. त्यातली ३९० क्रमांकाची मालिका २०२२ च्या अखेरीस कंपनीने थांबवली, त्यामुळे नव्या कर्नलबरोबर ती जुळत नाही. बंद ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो; 'डीकेएमएस' नावाची सोय ते आपोआप करते, पण कर्नलच्या हेडर फाइली नसल्या किंवा सिक्युअर बूट आडवा आला की बांधणी फसते आणि अपडेटनंतर दुसऱ्या सकाळी पडदा काळा. एनव्हिडियाच्या नोंदींत 'एक्सआयडी' आणि पुढे एक आकडा असतो. ३१ असेल तर चालू प्रोग्रॅमकडे आधी बघा. ७९ म्हणजे चिप बसवरूनच पडली, कर्नलला ती दिसेनाशी झाली. तेव्हा उष्णता, वीजपुरवठा आणि हार्डवेअर यांच्याकडे वळा.

या जोड-चिपांच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे, जो मी प्रत्येकाला सांगतो. ऑप्टिमस लिनक्सवर चालावं म्हणून लोकांनी 'बंबलबी' नावाची सोय लिहिली. २०११ मध्ये तिच्या एका स्क्रिप्टमध्ये, फोल्डर काढून टाकण्याच्या आज्ञेत, पत्त्याच्या मधोमध एक रिकामी जागा पडली. एका स्पेसने पत्त्याचे दोन पत्ते झाले आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्यांचा 'यूएसआर' हा अख्खा फोल्डर, म्हणजे निम्मी-अधिक सिस्टिम, उडाला. कुठून तरी उचललेली आज्ञा न वाचता चिकटवायची सवय असेल, तर ही रिकामी जागा आठवावी.

गोठलेल्या पडद्यासमोर आपला हात आपोआप पॉवर बटणाकडे जातो. तो थोडा थांबवायला शिकणं हे या पुस्तिकेतलं सर्वांत अवघड कौशल्य. आधी अर्धा मिनिट थांबा. बरेच ड्रायव्हर अडकलेल्या चिपला स्वतःच रिसेट करतात. मग वरच्या चार तपासण्या. मग 'मॅजिक सिसआरक्यू', म्हणजे ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीनचं बटण धरून एस, यू, बी ही अक्षरं थोड्या थोड्या अंतराने दाबायची. एसने न लिहिलेलं डिस्कवर उतरतं, यूने डिस्कवर लिहिणं बंद होतं, बीने यंत्र पुन्हा सुरू होतं. या तिघांच्या आधी आर, ई, आय दाबायला सगळीकडे सांगतात. पण उबुंटूमध्ये या सोयीची ठरलेली किंमत १७६ असते आणि तिच्यात एस, यू, बी या तिघांनाच परवानगी आहे. फेडोरावर तर एकट्या एसला. आपल्या लॅपटॉपवर काय चालतं ते शांत दिवशी बघून ठेवावं. आग लागल्यावर विहीर खणू नये.

पॉवर बटण घाईने दाबण्यात आणखी एक तोटा आहे. पुरावा जातो. अडकण्याच्या क्षणी कर्नलने लिहिलेली शेवटची ओळ डिस्कपर्यंत पोचलेलीच नसते. पुन्हा सुरू झाल्यावर 'जर्नल-कंट्रोल'ला मागच्या बूटची नोंद मागायची असते, पण नोंदवही डिस्कवर ठेवण्याची सोय चालू असेल तरच ती मिळते. कर्नल फक्त इंग्रजीत बोलतो. त्याच्या संदेशांचं भाषांतर होत नाही. म्हणून नेहमी भेटणाऱ्या ओळी आम्ही एका प्रकरणात मराठी अर्थासह एकत्र दिल्या आहेत.

सगळं ग्राफिक्सच्या माथी मारू नये, हेही सांगायला हवं. ४ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडल्या, की मेमरी भरते आणि यंत्र डिस्कवर उसनवारी करू लागतं. पडदा हळूहळू जड होतो, डिस्कचा दिवा सतत जळतो. ड्रायव्हरचं अडकणं असं हळूहळू येत नाही, ते खटकन येतं. जुन्या लॅपटॉपमध्ये पंख्यात धूळ, प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली. मेच्या दुपारी खालापूरच्या पत्र्याच्या खोलीत तो अडकला, तर आधी पंखा साफ करा. मरायला टेकलेली एसएसडी आणि खराब रॅम हे दोघेही ड्रायव्हरचा मुखवटा घालून येतात.

उपायांच्या प्रकरणात दोनच शिस्ती आहेत. एका वेळी एकच बदल, आणि बदल आधी तात्पुरता. लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत 'ई' दाबून कर्नलला दिलेली सूचना त्या एका बूटपुरतीच राहते. चुकली तर पुढच्या बूटला गायब. दोन-तीन दिवस बरं चाललं, तरच ती कायमची लिहावी. अपडेटनंतर बिघडलं असेल, तर त्याच यादीतून मागचा कर्नल निवडून बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. 'नोमोडसेट' या प्रसिद्ध सूचनेबद्दल मात्र सावध करतो. ती दिली की ड्रायव्हर कामालाच लागत नाही. पडदा दिसतो, पण सगळं संथ, पडद्याची चमक कमी-जास्त होत नाही, दुसरा मॉनिटर लागत नाही. मोडक्या पायाला कुबडी म्हणून ती उत्तम. पाय बरा झाल्यावरही कुबडी घेऊन फिरणारे लॅपटॉप मी बरेच पाहिलेत.

ही पुस्तिका ड्रायव्हर लिहायला शिकवत नाही आणि कुठला लॅपटॉप घ्यावा हेही सांगत नाही. आज्ञा आतल्या पानांवर टाइप करायच्या तशाच, रोमन लिपीत आहेत. इथे मी त्या आपण बोलतो तशा लिहिल्या. ज्यांनी आपले अडकलेले लॅपटॉप आठवडा-आठवडा माझ्याकडे ठेवले आणि "झालं का काका?" एवढंच विचारलं, त्यांचा मी ऋणी आहे.

शेवटची आठ पानं कोरी आहेत. ती भरायची आहेत. नमुना म्हणून त्या मुलाचा कागद पहिल्या प्रकरणाआधी होता तसा छापलाय, वाकड्या अक्षरासकट आणि 'न्हवती'सकट. पाच नोंदी, पाच ओळी. त्यांत 'हँग' हा शब्द एकदाही आलेला नाही.

कर्जत,
नारळी पौर्णिमा